पिंपळाच्या तालमीवरची कपाशी

कोणाला बैलाची पारख असते, कोणाला सोन्याची. मगनला थंडाव्याची पारख होती. जुन्या धुळ्यातल्या कुठल्या बोळात दुपारी वारा वळतो, कुठल्या ओट्याचा दगड तिन्हीसांजेपर्यंत गार राहतो, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. आणि यायलाच हवं होतं, कारण त्याचं सगळं आयुष्य उकाड्यात चाललं होतं. दिवसभर तो कापसाच्या जिनमध्ये फिटर. डोक्यावर पत्रे, समोर रुई आणि सरकी वेगळी करणारी धडधडती यंत्रं, नाकातोंडात तंतू. संध्याकाळी घरी यावं तर घराला स्लॅब. भावाभावांनी हौसेने जुनं मातीचं धाबं उतरवून तो टाकून घेतला होता. दिवसभर प्यायलेलं ऊन तो स्लॅब रात्रभर ओकायचा. सगळं घर बाजा उचलून गल्लीत झोपायचं.

म्हणून मगन जिनमधून सुटला की आधी घरी जायचाच नाही. तो थेट पिंपळाच्या तालमीत शिरायचा.

ही तालीम त्यांच्याच गल्लीच्या टोकाला. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, कोनाड्यात मारुती, सागाचे नक्षीचे खांब, आणि वर धाबं. म्हणजे तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाच्या पाल्याचा थर, त्यावर ठोकून बसवलेला चिखल आणि सगळ्यात वर खारी मातीचा पांढरा थर. छताला मधोमध उजेडासाठी एक चौकोनी भोक. त्यातून पडलेला कवडसा कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीवरून दिवसभर सरकत राहायचा. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत असलं तरी आत पाय टाकताच अंगावर पाणी शिंपडल्यासारखं वाटायचं. मगनने कुस्ती पोरपणीच सोडली होती. आता तो तिथे नुसता खांबाला टेकून बसायचा.

घरी गेल्यावर यशोदाबाई म्हणायची, "तुम्हना बिस्तरा तालीममाच धाडी देस मी आते. मारुतीले बी सोबत व्हई."

"धाडी दे," मगन म्हणायचा. "उशी इसरू नको."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र ही बसायची जागाच जायची वेळ आली. धाब्याची दर साल डागडुजी करणारा जुना माणूस वारला होता. दोन साल कोणी वर खारीसुद्धा टाकली नव्हती. अवकाळीच्या एका सरीत तालमीत दोन ठिकाणी पाणी टपकलं, आणि तालीम मंडळाचे अध्यक्ष रुपचंदभाऊ यांनी बैठक बोलावली.

रुपचंदभाऊंचं आग्रा रोडवर सिमेंट आणि सळयांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. तालमीच्या पोरांना दुधाचा खुराक त्यांच्याकडून जायचा. पण त्यांना सगळ्या दुखण्यांवर सिमेंट हेच औषध दिसायचं.

"स्लॅब टाकी देऊत," ते म्हणाले. "पण या मातीना भिती स्लॅबनं वजन झेलाव नहीत. म्हणीसन बठ्ठं पाडनं पडी. पुढे चार दुकानं काढू, मांगे तालीम. खांबले मुंबईना एक माणूस गिऱ्हाईक शे."

लोकांनी माना डोलावल्या. गल्लीतली निम्मी धाबी अशीच गेली होती. वस्ताद झुलाल आबा कोपऱ्यात बसून होते. त्यांचं वय झालं होतं.

मगन एरवी बैठकीत बोलणारा माणूस नव्हे. पण खांबाला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर त्याचा हात आपसूक पाठीमागच्या खांबावर गेला, आणि तो उभाच राहिला.

"भाऊ, धाबं दुरुस्त व्हई," तो म्हणाला. "मी करस. मंग तुम्ही वर पाहिजे तितलं पाणी सोडा. एक थेंब जरी खाले उना, तर या भितीवर पहिली कुदळ मीच मारसू."

बैठकीत एकदम गलका झाला. रुपचंदभाऊ हसले. "तू फिटर का गवंडी?"

"आते दोन्ही."

"बरं. आखाजी व्हई जाऊ दे. आखाजीना दुसरा दिवशी सकाळे मंडळ वर चढी, आन् काय ते ठरी. आन् कुदळ ध्यानमा ठेव."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, खानदेशातला लेकीबाळींचा सण. ती महिन्यावर आली होती.

दुसऱ्या दिवसापासून मगनच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. नगरपालिकेत देवरे म्हणून एक तरुण इंजिनिअर होते. पाडायची परवानगी त्यांच्याच टेबलावरून जाणार होती, म्हणून मगन त्यांना जाऊन भेटला आणि ओढतच तालमीत घेऊन आला. देवरे आत आले, थांबले, आणि पहिल्यांदा त्यांनी घाम पुसलेला रुमाल खिशात ठेवला.

"इथे पंखा नाही?" त्यांनी विचारलं.

"पंखा कसाले लागस, साहेब?"

देवरेंनी धाबं वरून पाहिलं, खालून पाहिलं, तुळया ठोकून पाहिल्या. लाकूड खणखणीत होतं. वरचा चिखल मात्र भेगाळला होता आणि पाणी जायला उतार राहिला नव्हता. त्यांनी उतार कुठून कुठे द्यायचा, पाणी बाहेर फेकणारी पन्हळ कुठे बसवायची, हे खडूने आखून दिलं. मग त्यांना एक गंमत सुचली. त्यांनी दोन तापमापक आणले. एक तालमीच्या खांबाला टांगला, दुसरा रुपचंदभाऊंच्या दुकानातल्या स्लॅबखालच्या खोलीत. भर दुपारी वाचले, तर दोन्हीत दहा अंशांच्या आसपास फरक.

"तुम्हनं यंत्र बिघडेल शे," रुपचंदभाऊ म्हणाले.

देवरेंनी शांतपणे दोन्ही तापमापकांची अदलाबदल केली. दुसऱ्या दुपारी पुन्हा वाचले. फरक तोच. ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचली, आणि लोक काही काम नसताना रुपचंदभाऊंच्या दुकानात डोकावून विचारू लागले, "भाऊ, आज कितलं भरनं?"

इकडे धाब्याचं काम सुरू झालं. तालमीची पोरं कुस्तीऐवजी वर माती वाहू लागली. जुना भेगाळलेला थर खरवडला. लिंबाचा नवा पाला पसरला. आता त्यावर चार बोटं जाड चिखल घालायचा होता, आणि चिखल फाटू नये म्हणून त्यात गव्हाचा भुसा कालवायचा होता.

आणि तिथेच गाडं अडलं. मागचं साल दुष्काळाचं गेलं होतं. लोक भुसा सोन्यासारखा जपत होते. मगन ज्या शेतकऱ्याकडे गेला त्याने गोठ्यातली दोन हाडकुळी गुरं दाखवली आणि विचारलं, "यासना तोंडना घास काढीसन धाबावर टाकशी?" मगन तसाच परत फिरला. गुरांच्या तोंडचा चारा चिखलात तुडवणं त्याच्या जिवावर आलं.

त्या दिवशी जिनमध्ये यंत्राखाली वाकून तो पट्टा बसवत होता आणि त्याच्या तळहाताला रुईचा झाडून गोळा केलेला ढीग लागला. मळलेली, तुटक्या तंतूंची, कोणी न विचारणारी रुई. रोज सांजेला ती उकिरड्यावर जायची. त्याने मूठभर उचलली, दोन्ही हातांनी ताणली. तुटता तुटेना. तो यंत्राखालून असा उठला की डोकं आपटलं.

मुकादमाने विचारलं, "काय व्हयनं?"

"भुसा भेटी गया," मगन डोकं चोळत म्हणाला.

पोत्यांमागून पोती तालमीवर चढली. रुई कालवलेला चिखल पायाने तुडवला, पसरला आणि लाकडी चोपण्यांनी ठोकला. ठोक ठोक ठोक, सगळी गल्ली घुमत होती. चिखल वाळत आला, पण एकही भेग पडेना. मगन सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांवर बसून त्याच्यावर हात फिरवायचा.

आता उरली खारी. नदीपलीकडच्या पांढरीतली ही खारट माती. ती सगळ्यात वर पसरली की पाणी आत शिरत नाही आणि गवताचं पातंही उगवत नाही. तिची गाडी आखाजीनंतर मिळणार होती. आणि चिखल वाळला नेमका त्याच दिवशी आगीचा बंब हाती लागला. बंबाचा ड्रायव्हर वना हा तालमीचा जुना पठ्ठ्या. उन्हाळ्यात त्यांना सराव करायचाच असतो, तो तालमीवर करू, असं देवरेंनी जुळवून दिलं. पिण्याच्या पाण्याला कोणी हात लावणार नव्हतं. तालमीच्या आडाचं मचूळ पाणीच बंबाने ओढायचं होतं.

झुलाल आबा म्हणाले, "मगन, आधी खारी टाक, मंग पाणी सोड."

"आबा, बंब आज भेटी ऱ्हायना, उद्या कोण देई? खारी नंतर टाकूत."

आबांनी हात झटकला. "तुनी मर्जी."

बंबाच्या घंटेचा आवाज ऐकून आजूबाजूच्या गल्ल्या लोटल्या. कुठे आग लागली म्हणून काही जण बादल्या घेऊन आले, आणि आग नाही कळल्यावर बादल्या उलट्या करून त्यांच्यावर बसले. शेजारच्या धाब्यांवर बायका उभ्या राहिल्या. जुन्या धुळ्यात धाबी एकमेकांना चिकटलेली. या टोकाच्या बाईने चटणीची वाटी घेऊन निघावं आणि रस्त्यावर न उतरता त्या टोकाच्या मैत्रिणीकडे पोचावं, अशी.

वनाने पाइपाचं तोंड आभाळाकडे केलं. पाण्याची कमान उठली, उन्हात लखलखली आणि धाब्यावर कोसळली. पोरं खालून अंग भिजवायला धावली. पाणी धाब्यावरून देवरेंच्या उतारावरून धावत पन्हळीतून बाहेर उडत होतं.

आत मात्र अगदी शांतता होती. मगन, रुपचंदभाऊ, झुलाल आबा आणि देवरे हौद्याच्या कडेला माना वर करून उभे. चौकोनी भोकावर पत्रा झाकलेला. रुपचंदभाऊंनी तर जिथे पूर्वी गळायचं त्या जागेखाली नवं वर्तमानपत्र अंथरलं होतं, म्हणजे एक थेंबही लपू नये. वर पाणी धबधबत होतं आणि खाली कागद कोरडा. मगनला आपल्या कानशिलांत जिनचं यंत्र चालू झाल्यासारखं वाटत होतं.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "टपकस का?"

रुपचंदभाऊ खाली वाकले, कागदावर तळहात फिरवला. कागदाची घडी करून खिशात घातली.

"नही टपकत," ते म्हणाले.

मग जे झालं ते काय सांगावं. पोरांनी मगनला खांद्यावर घेतलं, आणि तो चिखलाने भरलेला, लाजलेला, मुटकुळं करून बसलेला माणूस गल्लीभर मिरवला. यशोदाबाईने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "बठ्ठी माती घरमा आणू नका, तठेच धुई टाका."

पाच-सहा दिवस मगन हवेत चालत होता. जिनमध्ये लोक त्याला 'धाबाना डाक्टर' म्हणू लागले. देवरेंनी गल्लीतल्या आणखी तीन धाब्यांचे आराखडे काढायला घेतले.

आखाजीच्या सकाळी यशोदाबाई आपल्या स्लॅबवर कुरडया वाळत घालायला गेली आणि तशीच खाली धावत आली. मगन दाढी करत होता.

"अहो, वर चला. तुम्हना धाबावर काहीतरी उगेल शे."

मगन अर्ध्या दाढीने वर गेला आणि तिच्यामागे शेजारची धाबी ओलांडत तालमीच्या कडेपर्यंत पोचला. तालमीचं धाबं हिरवं झालं होतं. गवत नव्हतं ते. दोन-दोन जाड पानांची, लालसर देठाची, टवटवीत रोपं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. यशोदाबाई शिरपूरकडच्या शेतकऱ्याची लेक. तिने वाकून कडेचं एक रोप उपटलं, वास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"कपाशी," ती म्हणाली. "जलमभर सरकी येगळी करी, आन् आपलाच धाबामा पेरी उनात."

मगनने ते रोप तिच्या हातातून घेतलं. बुडाशी सरकीचं टरफल चिकटलं होतं. झाडलेल्या रुईत सरकी राहिलेली असणार, हे जिनमधल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. आणि त्याने, फिटरने, आनंदाच्या भरात ती पाहिलीच नाही. वरून बंबाने पाणी घातलं. खारी टाकली असती तर त्या खारटपणात एकही बी तगलं नसतं. आबांनी सांगितलं होतं.

तासाभरात सगळं जुनं धुळं पाहायला लोटलं. बंबाच्या दिवशीपेक्षा जास्त गर्दी. रुपचंदभाऊ शेजारच्या धाब्यावरून आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांचं पोट हलू लागलं.

"मगन, तालीमना सात-बारा तुना नावे करी टाकूत का? तलाठीले बलावू?"

खालून कोणीतरी म्हणालं, "फवारणी कवय शे, भाऊ?"

दुसरा म्हणाला, "एकरी कितलं निंघी?"

मग रुपचंदभाऊंचं हसू ओसरलं. "गंमत सोड. याना मुळ्या आत जातीन, चिखल फाटी. सकाळे मंडळ चढनार शे. ते हिरवं धाबं दखीसन कोन्ही हात वर करावं नही. कुदळ तयार ठेव."

मगनला रोपं उपटायचं सुचलं. त्याने आणि पोरांनी सुरुवातही केली, पण पैलवानांच्या बोटांत रोपं वरच्या वर तुटत, मुळं आतच राहत. शिवाय वजनदार पाय पडले की ओलसर थर दबत होता. झुलाल आबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. "तुम्ही धाबं बचाडी ऱ्हायनात का पाडी ऱ्हायनात?"

निंदणी हे बायकांचं काम, आणि त्या सगळ्या आज सणात होत्या. चौकातल्या लिंबाला झोके बांधले होते. सासरहून आलेल्या लेकी नव्या बांगड्या वाजवत गाणी म्हणत होत्या. आखाजीला लेकीने माहेरी काडी इकडची तिकडे करायची नाही, असा रिवाज. आणि दुसरा रिवाज त्याहून कडक. पिंपळाच्या तालमीत आजवर बाईने पाऊल टाकलं नव्हतं.

यशोदाबाई मगनला काही न बोलता झोक्यांकडे गेली. तिचं माहेर राहिलं नव्हतं. आखाजीला गल्लीतच राहणाऱ्या सुनांपैकी ती एक. लेकी झोका घेत होत्या, सुना बाजूला बसून टाळ्या देत होत्या.

"बाया वं," यशोदाबाई म्हणाली, "एक खेळ खेळतीस का?"

झोक्यावरच्या लताबाईने पाय टेकून झोका थांबवला. ही झुलाल आबांची धाकटी लेक, बोदवडला दिलेली. "कोणता?"

"लेकी इरुद्ध सुना. अर्धं धाबं तुम्हनं, अर्धं आमनं. जी टोळी आधी निंदी तिना झोका सांजलोंग."

"आखाजीले काम करतस का कोनी?"

"काम कोन सांगी ऱ्हायनं? भ्यायनी व्हशी तर ऱ्हाऊ दे."

लताबाई झोक्यावरून उतरली. "वहिनी, तुम्हना हात भाकर थापाना शेतस. खुरपं दखेल शे का कधी?"

झालं. घराघरांतून खुरपी निघाली. बायकांचा तो घोळका तालमीच्या दारापर्यंत आला आणि थबकला. दारात झुलाल आबा उभे होते. आबांच्या मागे मारुती, आणि समोर त्यांची स्वतःची लेक हातात खुरपं घेऊन.

आबांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

"तालीममा बाईमाणूस येत नही, हाऊ नेम शे," ते म्हणाले. "मना वस्तादना वस्तादनी घालेल." मग त्यांनी हात उचलून शेजारच्या घराच्या जिन्याकडे बोट केलं. "धाबानं कोन्ही काही बोलेल नही. तिकडथून चढा."

बायका शेजारच्या जिन्याने चढल्या, तीन धाबी ओलांडली आणि तालमीवर उतरल्या. अनवाणी, हलक्या पायांच्या, ओळीने बसून. पूर्वेकडून लेकी, पश्चिमेकडून सुना. खुरप्याचं टोक रोपाच्या बुडाशी, एक हलका झटका, आणि मुळासकट कपाशी पदरात. एकीने आखाजीचं गाणं उचललं, दुसऱ्या बाजूने त्याला उलटं उत्तर आलं. सुनांनी लेकींच्या सासवांची नावं घेतली, लेकींनी सुनांच्या नवऱ्यांची.

"मगनदादानी बायको," लताबाई ओरडली, "दादाले इचार, औंदा भाव काय लागी?"

"तुना बापले इचार," यशोदाबाई मान वर न करता म्हणाली. "जमीन त्यासनी शे."

खाली गल्लीत बसून मगन ऐकत होता. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं, आणि अर्धी दाढी राहिल्याचंही तेव्हाच ध्यानात आलं.

सुना हरल्या, पण एका ओळीने. तोवर देवरेंना बातमी लागली होती. त्यांनी ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला सणाच्या जेवणावरून उठवून खारीची ट्रॉली आणवली. पोरांनी पाट्या वर दिल्या, बायकांनी पसरल्या, चोपण्यांनी ठोकल्या. ऊन कललं तेव्हा धाबं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र झालं होतं.

दुसऱ्या सकाळी मंडळ वर चढलं. रुपचंदभाऊ पांढऱ्या धाब्यावरून चालले, टाच आपटून पाहिली. मग म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, "वरतून ते साफ दिसस. आत मुळ्या कितल्या खोल गयात ते कोन्हले माहीत? चिखल फाटेल व्हई तर पावसायामा पोरेसना डोकावर येई."

सगळ्यांनी देवरेंकडे पाहिलं. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मलाही सांगता येणार नाही. एक तुकडा उघडून पाहावा लागेल. जिथे जास्त दाट उगवलं होतं तिथे."

रुपचंदभाऊ मगनकडे वळले. "पहिली कुदळ तुनीच व्हती ना?"

कुदळ वर आणली गेली. मगनने ती हातात घेतली. जिथे कपाशी सगळ्यात दाट होती ती जागा त्याला पाठ होती. तिथेच हात फिरवून त्याने रोज धाब्याची खुशाली विचारली होती. सगळी गल्ली आजूबाजूच्या धाब्यांवर उभी. यशोदाबाईने पदराचं टोक दातांत धरलं होतं. मगनने कुदळ उचलली आणि मारली.

धप्प असा आवाज झाला. कुदळ रुतली. त्याने दांडा खाली दाबला. ढेकूळ उचललं गेलं, पण सुटेना. त्याने जोर लावला. ढेकूळ उलटलं आणि तसंच लोंबत राहिलं. बुडाकडून पांढऱ्या तंतूंनी त्याला धाब्याशी धरून ठेवलं होतं.

देवरे गुडघ्यांवर बसले. बोटाने थर मोकळे करू लागले. वर खारी. तिच्याखाली दोन बोटं ओलसर चिखल, त्यात कपाशीच्या तुटक्या, सुतासारख्या मुळ्या. त्याखाली चिखल कोरडा ठाक. त्याखाली लिंबाचा पाला. देवरेंनी एक पान काढून चुरगाळलं. ते कुरकुरीत वाजलं.

"पाणी इथपर्यंत आलंच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "मुळ्यासुद्धा वरच थांबल्या. मगनभाऊ, भेग बघा कुठे आहे का? एक नाही."

रुपचंदभाऊंनी लोंबणारं ढेकूळ हिसका देऊन तोडलं. दुकानात खराब माल आला की ते असाच तुकडा दोन्ही हातांत धरून मोडून पाहत. त्यांनी ढेकूळ धरलं आणि पिळलं. वाकलं. पुन्हा पिळलं. चेहरा लाल झाला. ढेकळाला आडवी चीर गेली, पण दोन्ही अर्धे एकमेकांना रुईने धरूनच होते. रुपचंदभाऊंनी चिरेत बोट घालून तंतू ओढून पाहिले.

"च्यामायला," ते शेवटी म्हणाले, "यामा ते सळई शे."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसण्यातच धाबं राखायला मंडळाचे हात वर गेले. झुलाल आबांनी दोन्ही हात वर केले होते. त्यातला एक खाली घ्या, असं त्यांना कोणी सांगितलं नाही. मुंबईच्या माणसाला खांब मिळणार नाहीत असा निरोप द्यायचं काम रुपचंदभाऊंनी स्वतःकडे घेतलं.

मगन मात्र त्या खड्ड्याशीच बसून होता. कुदळीने पाडलेली जागा उघडी ठेवून चालणार नव्हती. त्याने जिनमधून एक पोतं रुई मागवली आणि तालमीत हौद्याच्या कडेला ओतली. मग तो मांडी घालून बसला आणि मूठ मूठ रुई घेऊन बोटांनी चाचपत एकेक सरकी वेचून काढू लागला. यंत्रावर त्याचा आता भरवसा नव्हता.

झुलाल आबा येऊन शेजारी बसले. देवरेंनी बाह्या वर केल्या. उन्हं वर आली तसे रुपचंदभाऊ आले. म्हणाले, दुकानात फार तापतंय. खांबाला टेकून बसले, जरा वेळ नुसते बघत राहिले आणि मग त्यांनीही एक मूठ ओढून घेतली. चौघांच्या मध्ये सरकीचा ढीग वाढू लागला. कवडसा हौद्यातून सरकत त्यांच्या मांडीवर आला.

एकदम तो अंधारला. वर चौकोनी भोकातून यशोदाबाईचं डोकं डोकावत होतं. नियम मोडू नये म्हणून तिने हात भोकाच्या काठावरच ठेवले होते.

"नीट दखी ऱ्हायनात ना?" तिने विचारलं. "का आम्ही खुरपं वरच ठेवूत?"

मगनने हातातली रुई उजेडात धरली, उलटीपालटी केली, आणि पुन्हा चाचपायला घेतली.

"ठेव," तो म्हणाला. "रुपचंदभाऊ बी सरकी येची ऱ्हायना."